तळहातावरील तसबीर

चित्र जितकें मोठें तितकी त्याची योग्यता मोठी, असें कोणी उघड बोलत नाहीं. परंतु चित्रशाळेंतून फिरतांना आपले पाय कोठें थांबतात व कोठें थांबत नाहींत हें पाहिलें, तर मनांतून आपण सगळेच तसें मानतों असें दिसून येईल. भिंत भरून टाकणाऱ्या तैलचित्रापुढें आपण आदरानें उभे राहतों, आणि शेजारच्या कांचेच्या पेटींत रुपयाएवढीं चित्रें मांडलेलीं असलीं तर ‘काय बारीक काम हो हें!’ एवढें म्हणून पुढें चालूं लागतों. हा उद्गार वरकरणीं स्तुतीचा असला तरी वास्तविक तो अन्याय आहे. तांदुळाच्या दाण्यावर अक्षरें कोरणाऱ्याला जी शाबासकी द्यावी तीच आपण येथें देत असतों. म्हणजे कारागिराच्या डोळ्यांचें व हाताचें कौतुक करतों, आणि चित्रकार म्हणून त्याला काय सांगावयाचें होतें तें ऐकूनच घेत नाहीं. इंग्लंडांत सोळाव्या व सतराव्या शतकांत वासराच्या पातळ कातड्यावर जलरंगांनीं जीं इवलालीं मुखचित्रें काढलीं गेलीं, त्यांच्या वांट्याला असें कौतुक भरपूर आलें. समजूत मात्र थोडी आली. निकोलस हिलियर्ड हा या कलेचा तिकडील सर्वांत प्रसिद्ध धनी. त्याच्या कामाची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, आणि त्या कसोटीस तो कोठें उतरतो व कोठें उतरत नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम या चित्रांचें कुलशील पाहूं. ‘मिनिएचर’ हा शब्द ऐकतांच लहानपणाची कल्पना मनांत येते, पण शब्दाचें मूळ निराळें आहे. लॅटिन भाषेंत ‘मिनियम’ म्हणजे आपला शेंदूर. हस्तलिखित पोथ्यांतील आद्याक्षरें शेंदरानें रंगवीत, त्यावरून पोथींतील चित्राला हें नांव पडलें. आणि पोथींतलीं चित्रें लहान असल्यामुळें पुढें शब्दाचा अर्थच ‘लहान’ असा होऊन बसला. शब्दाची जी गोष्ट तीच कलेची. गेंट व ब्रूज या फ्लेमिश शहरांत प्रार्थनापोथ्या सजविणाऱ्या चित्रकारांचीं घराणींच्या घराणीं होतीं. त्यांपैकीं गेंटचा लूकस होरेनबाउट हा १५२५ च्या सुमारास इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या पदरीं राहिला. छापखान्यानें पोथ्या सजविणारांचा धंदा हळूहळू बसविला. तेव्हां पोथीच्या समासांत वाढलेलें चित्र पोथीबाहेर पडलें, आणि सोन्याच्या डबींत व गळ्यांतल्या साखळींत जाऊन बसलें. हान्स होल्बाइन हा जर्मन चित्रकार इंग्लंडांत आला तेव्हां त्यानें ही विद्या याच लूकसपासून घेतली, असें डच चरित्रकार कारेल व्हान मांडर यानें १६०४ मध्यें नमूद केलें आहे. होल्बाइननें १५३६ च्या सुमारास काढलेलें जेन स्मॉल नांवाच्या एका व्यापाऱ्याच्या पत्नीचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट म्यूझियममध्यें आहे. त्याचा व्यास जेमतेम दोन इंच. तरी त्या निळ्या सपाट पार्श्वभूमीवरची ती साधी, शांत स्त्री दरबारी तैलचित्रांतील कोणत्याही सरदारापेक्षां कमी प्रतिष्ठेनें बसलेली नाहीं.

पोथींतून आल्याची खूण या चित्रांच्या साहित्यांत शेवटपर्यंत राहिली. कोंवळ्या वासराचें कातडें कमावून व घांसून कागदासारखें पातळ आणि गुळगुळीत करावयाचें. यालाच वेलम म्हणतात. तें खेळण्याच्या पत्त्यावर खळीनें चिकटवावयाचें, म्हणजे ताठ राहतें. कांहीं चित्रांच्या पाठीवर पत्त्यांतले बदाम आजही दिसतात. रंग पाण्यांत खलून त्यांत डिंक घालावयाचा. खारीच्या केसांचा कुंचला पक्ष्याच्या पिसाच्या नळींत बसवावयाचा. सोन्यारुप्याची पूड कालवून लावावयाची, आणि वाळल्यावर मुंगसासारख्या एखाद्या लहानशा रानटी प्राण्याच्या दांतानें घोटून तिला झळाळी आणावयाची. गळ्याभोंवतालच्या लेसची जाळी दाखवितांना पांढरा रंग जाड थेंबांनीं असा उभारावयाचा कीं तिरप्या उजेडांत त्याची खरोखरीच सावली पडावी. माणिक दाखवावयाचें असेल तर घोटलेल्या रुप्यावर रंगीत राळेचा थेंब तापलेल्या सुईनें बसवावयाचा. ही शेवटची युक्ति चित्रकाराची नव्हे, सोनाराची आहे; आणि हिलियर्ड हा सोनारच होता.

त्याचा जन्म १५४७ च्या सुमारास एक्झेटर गांवीं एका सोनाराच्या घरीं झाला. मेरी राणीच्या अमदानींत प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांचा छळ होऊं लागला, तेव्हां एका प्रॉटेस्टंट कुटुंबाबरोबर तो लहानपणीं जिनिव्हास गेला. १५६२ मध्यें लंडनचा राजसोनार रॉबर्ट ब्रँडन याच्या हाताखालीं तो उमेदवारीस राहिला, व पुढें त्याच्याच मुलीशीं, आलिसशीं, त्याचें लग्न झालें. एलिझाबेथ राणीचें त्यानें काढलेलें पहिलें ज्ञात मुखचित्र १५७२ सालचें आहे. तेव्हांपासून राणीच्या मृत्यूपर्यंत आणि त्यानंतर जेम्स राजाच्या कारकीर्दींतही तो दरबाराचा चित्रकार राहिला. १५९९ मध्यें त्याला वार्षिक ४० पौंडांची नेमणूक मिळाली. पण पैसा त्याच्या हातीं कधीं टिकला नाहीं, आणि १६१७ मध्यें कर्जापायीं त्याला तुरुंगही पाहावा लागला. १६१९ मध्यें तो वारला. १६०० च्या आसपास त्यानें आपल्या कलेवर एक निबंध लिहिला होता. त्याची १६२४ सालची एक हस्तलिखित नक्कल एडिंबरो विद्यापीठांत राहिली, व १९१२ मध्यें ती प्रथम छापून निघाली. कलावंतानें आपल्या कलेविषयीं इतकें मोकळेपणानें लिहिलेलें त्या काळच्या इंग्रजींत फारसें सांपडत नाहीं.

या निबंधांतील कांहीं नियम प्रथमदर्शनीं हंसूं आणतात. चित्रकारानें रेशमी कपडे घालावेत, कारण लोंकरीचे तंतू गळून रंगावर पडतात. डोक्यांतला कोंडा चित्रावर पडूं देऊं नये. चित्रावर ओणवें होऊन बोलूं नये, कारण थुंकीचा एक तुषार चेहरा नासवितो. बसण्याची जागा धूळ, धूर, आवाज व वास यांपासून दूर असावी. समोर बसलेल्या माणसाचें मन प्रसन्न राहावें म्हणून सभ्य संभाषण, वाचन किंवा संगीत चालावें. या नियमांत सोंवळ्याओंवळ्याचा वास येतो खरा. परंतु त्यांच्या मुळाशीं एक विचार आहे, आणि तोच या कलेची किल्ली आहे. ज्या चित्रावर कोंड्याचा कण पडला तर नाक बिघडतें, तें चित्र पाहणारा माणूसही तें डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरूनच पाहणार. तेवढ्या अंतरावर आपण परक्या माणसाला येऊं देत नाहीं. आई मुलाचा, पति पत्नीचा, किंवा वैद्य रोग्याचाच चेहरा तितक्या जवळून पाहतो. म्हणून या चित्राचें लहानपण ही नुसती लांबीरुंदीची गोष्ट नव्हे. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यांत किती जवळीक असावी हें त्या आकारानेंच ठरवून टाकलें आहे. आमच्या मतें हीच या कलेची खरी कसोटी होय. मोठ्या चित्राला आपण विचारतों, तुझ्यांत भव्यता आहे काय? या चित्राला विचारावयाचा प्रश्न एवढाच कीं, इतक्या जवळ येण्याचा अधिकार तुला कशानें मिळाला?

हिलियर्डवर नेहमींचा आक्षेप असा कीं, त्याच्या चेहऱ्यांना छायाच नाहीं. होल्बाइनच्या मागून येऊन, होल्बाइनला गुरु मानून, त्यानें चेहरे पुन्हां सपाट केले. इटलींत शंभर वर्षें जें ज्ञान सिद्ध झालें होतें तें याला जणूं ठाऊकच नव्हतें. हा आक्षेप टिकण्यासारखा नाहीं, कारण या बाबतींत काय करावयाचें तें त्यानें विचारपूर्वक ठरविलें होतें. राणीशीं झालेल्या एका संभाषणाची हकीकत त्यानें दिली आहे. छायेचा प्रश्न निघाला असतां त्यानें असें सांगितलें कीं, उंच टांगलेल्या किंवा दुरून पाहावयाच्या चित्रांना गडद छाया लागते, हातांत धरून पाहावयाच्या चित्राला ती लागत नाहीं. राणीला हें पटलें, आणि ती बागेंतल्या एका मोकळ्या वाटेवर, जेथें झाडाचीही सावली नव्हती अशा जागीं, चित्रासाठीं बसली. हिलियर्डची कोटी खरी आहे. छाया ही दुरून येणाऱ्या डोळ्याची सोय आहे. वीतभर अंतरावर डोळ्याला नाकाची उंची कळावयास नाकाच्या बाजूला काळा डाग लागत नाहीं. तेथें पापणीची एक तांबूस रेघ किंवा ओठांच्या कोपऱ्यांतील किंचित् वळण पुरतें, आणि हिलियर्डची सारी शक्ति अशा रेघेंत आहे.

महाराष्ट्रांतल्या वाचकाला हें पटण्यास थोडी अडचण आहे, व तिचें कारण आपल्या घरांतच टांगलेलें होतें. १८५७ मध्यें मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालें, तेथें प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश उतरविण्याचें शिक्षण मिळूं लागलें. १८९४ मध्यें राजा रविवर्म्यानें मुंबईंत शिळाछापखाना काढला, आणि छायेनें गोलाई आलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोंचल्या. त्यामुळें छाया म्हणजे सत्य आणि रेघ म्हणजे अडाणीपणा, अशी आपल्या मध्यम वर्गाच्या दृष्टीला संवय जडली. वास्तविक मोगल व राजपूत चित्रकार शेंकडों वर्षें छायेवांचून केवळ रेखेनें बोलत आले होते, आणि त्यांचें साहित्यही जवळजवळ हेंच होतें: डिंकांत कालविलेले जाड जलरंग, खारीच्या केसांचा कुंचला, घोटलेली गुळगुळीत पाठ, सोन्याची पूड. हें साम्य किती निकटचें होतें त्याचा पुरावा १६१६ सालचा आहे. जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो हा अजमेरास जहांगीर बादशहाच्या दरबारीं होता. त्याच्याजवळ आपल्या एका मित्राचें असेंच लहानसें चित्र होतें, व त्याची बरोबरी येथील कोणास साधणार नाहीं असा त्याला भरंवसा होता. बादशहानें आपल्या चित्रकाराकडून त्याच्या पांच नकला करविल्या, आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत मुळासह सहाही चित्रें रोच्या पुढें ठेवलीं. आपलें चित्र कोणतें तें ओळखण्यास त्याला चांगलेंच प्रयास पडले, असें त्यानें स्वतःच आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें आहे. त्याच वर्षीं बादशहानें आपली स्वतःची सोन्यांत मढविलेली छोटी तसबीर सोन्याच्या साखळींत घालून रोला बहाल केली. दोन दूरच्या दरबारांना एकमेकांची ही भाषा दुभाष्यावांचून समजली.

आतां हीं चित्रें वापरलीं कशीं जात तें पाहिलें पाहिजे, कारण तेथेंच आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे. १५६४ मध्यें स्कॉटलंडच्या राणीचा वकील सर जेम्स मेलव्हिल हा एलिझाबेथच्या भेटीस आला असतां तिनें त्याला आपल्या शयनगृहांत नेऊन एक लहानसें कपाट उघडून दाखविलें. आंत कागदांत गुंडाळलेलीं छोटीं चित्रें होतीं, व प्रत्येक कागदावर राणीनें स्वहस्तें नांव लिहिलें होतें. एका कागदावर आपल्या आवडत्या सरदाराचा, लेस्टरचा, उल्लेख तिनें नांवानें न करतां आपुलकीच्या शब्दांनीं केलेला होता. मेलव्हिल हातांत मेणबत्ती घेऊन तें चित्र पाहण्याचा आग्रह धरूं लागला. राणी आढेवेढे घेत होती. शेवटीं तिनें दाखविलें, पण आपल्या राणीसाठीं मागितलें तेव्हां, एवढें एकच आहे म्हणून तिनें तें दिलें नाहीं. दुसरी हकीकत हर्बर्ट ऑफ चेर्बरी यानें आत्मचरित्रांत सांगितली आहे. लेडी एअर्स नांवाच्या एका स्त्रीनें त्याच्या मोठ्या चित्रावरून, हिलियर्डचाच शिष्य आयझॅक ऑलिव्हर याजकडून, एक लहान चित्र करवून घेतलें, सोन्यांत मढविलें, आणि तें गळ्यांत अशा रीतीनें घातलें कीं तें वस्त्राखालीं झांकून राहावें. तिच्या नवऱ्याला हें कळलें तेव्हां त्यानें हर्बर्टवर भर रस्त्यांत माणसें घेऊन हल्ला केला. दिवाणखान्यांतल्या तैलचित्रावरून असा रक्तपात झाल्याचें सहसा ऐकूं येत नाहीं. या चित्राच्या अंगीं जी धग होती ती त्याच्या लपविलें जाण्यांत होती.

हिलियर्डला ही धग पुरेपूर कळली होती. १६०० च्या आसपास त्यानें काढलेल्या एका अनामिक तरुणाच्या चित्रांत मागची सर्व बाजू ज्वाळांनीं भरलेली आहे. तरुण नुसत्या सदऱ्यावर आहे, सदऱ्याचा गळा उघडा आहे, आणि गळ्यांतल्या साखळीला लावलेली लहानशी डबी त्यानें बोटांत धरून उराशीं वळविली आहे. तींत बहुधा कोणाचें तरी असेंच चित्र असावें. तें कोणाचें, हें आपल्याला दिसत नाहीं, आणि दिसूं नये हाच चित्राचा अर्थ आहे. ज्वाळांवर सोन्याची पूड आहे. चित्र हातांत धरून किंचित् इकडेतिकडे कलविलें कीं ती पूड लुकलुकते आणि ज्वाळा हालतात. म्हणजे अग्नि पेटविण्याचें काम चित्रकारानें पाहणाराच्या हाताकडे सोंपविलें आहे. भिंतीवर खिळलेल्या चित्राला ही गोष्ट कधीं साधणार नाहीं. १५८७ च्या सुमाराचें ‘गुलाबांतील तरुण’ हें त्याचें सुप्रसिद्ध चित्र याच जातीचें आहे. तें लांबट असून सुमारें सव्वापांच इंच उंच आहे. झाडाला टेकून, छातीवर हात ठेवून उभा असलेला तो काळ्यापांढऱ्या वेषांतला तरुण, त्याच्या अंगावर पसरलेली रानगुलाबाची काटेरी वेल, आणि वाखाणलेली निष्ठाच दुःखाला कारण होते अशा अर्थाचे लॅटिन शब्द. रानगुलाब हें राणीचें फूल, व काळा आणि पांढरा हे तिचे रंग. चित्रांत ती कोठेंही नाहीं, पण तरुणाला तिच्यावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं.

याहूनही आम्हांला मोठीं वाटतात तीं त्यानें घरच्या माणसांचीं काढलेलीं चित्रें. १५७७ मध्यें, आपल्या तिसाव्या वर्षीं, त्यानें स्वतःचें चित्र काढलें. त्याच वर्षीं अठ्ठावन्न वर्षांच्या वडिलांचें काढलें. आणि १५७८ मध्यें बावीस वर्षांच्या आलिसचें काढलें. तिन्ही चित्रें तळहाताच्या खळग्यांत मावतील एवढीं आहेत. वडिलांच्या चेहऱ्यावर बाजारांत आयुष्य घालविलेल्या शहाण्या कारागिराची सावध नजर आहे. स्वतःचा चेहरा त्यानें जरा ऐटींत, केंस कुरळे व गळपट्टी लेसची अशा थाटांत रंगविला आहे. तो सोनाराचा मुलगा म्हणून नव्हे, दरबारी गृहस्थ म्हणून आपल्याकडे पाहतो, व त्याची ही हौस लपत नाहीं. आलिसच्या चित्रांत मात्र हौसही नाहीं. येथें चित्रकाराला कोणाला खूष करावयाचें नव्हतें. मोबदला नव्हता, सोन्यांत मढवून कोणाच्या पदरीं घालावयाचें नव्हतें. जवळ येण्याचा अधिकार त्याला आधींच होता, म्हणून रेघ कोठेंही आर्जव करीत नाहीं.

आणि याच हातानें राणीचीं जीं चित्रें पुढें काढलीं तीं पाहिलीं म्हणजे मन खट्टू होतें. हीं छोटीं चित्रें आतां प्रेमाचीं राहिलीं नव्हतीं; तीं राज्यकारभाराचें एक साधन झालीं होतीं. राणीनें ती कृपेची खूण म्हणून द्यावी, सरदारानें निष्ठेची खूण म्हणून अंगावर मिरवावी. १५८८ च्या आरमारी युद्धाच्या सुमारास ड्रेकला मिळालेल्या रत्नजडित अलंकारांत राणीचें असेंच चित्र बसविलेलें आहे. ही प्रथा किती बोकाळली होती तें ‘हॅम्लेट’ नाटकावरून दिसतें. आगरकरांनीं १८८३ मध्यें ‘विकारविलसित’ या नांवानें तें मराठींत आणलें, तेव्हांपासून आपल्या वाचकांस त्याचा परिचय आहे. बाप जिवंत असतां चुलत्याला वेडावून दाखविणारे लोकच, चुलता राजा होतांच, त्याच्या छोट्या तसबिरीसाठीं शंभरापर्यंत डुकाट मोजूं लागले, असें हॅम्लेट विषादानें म्हणतो. मागणी अशी वाढली म्हणजे चेहरा हें नाणें होतें, आणि नाण्यावरचा चेहरा म्हातारा होत नाहीं. साठी उलटलेल्या एलिझाबेथला हिलियर्ड मोकळ्या केंसांची नवयौवना म्हणून रंगवूं लागला. डोळे, नाक, जिवणी यांचा एक ठराविक सांचा. त्याभोंवतीं मात्र मोतीं, माणकें व लेस यांचें अलोट वैभव. छायेला नकार देणारा जो सिद्धान्त बागेंतल्या उजेडांत जवळच्या डोळ्यासाठीं निघाला होता, तोच आतां सुरकुत्या पुसण्याच्या कामीं आला.

राणीचा चेहरा दुसऱ्या कोणाला दिसला नाहीं असें नाहीं. ऑलिव्हर हा फ्रान्समधून धर्मच्छळामुळें आलेल्या निर्वासितांचा मुलगा. गुरूची रेघ त्यानें घेतली, पण छाया टाकली नाहीं. १५९० नंतर लौकरच त्यानें राणीचें एक चित्र समोर पाहून आरंभिलें. तें अपुरेंच आहे, व तेंही आज त्याच म्यूझियममध्यें आहे. वस्त्रें नुसतीं रेखाटलेलीं, चेहरा मात्र पुरा झालेला. त्यांत बसलेले गाल, आंवळलेले ओठ आणि कोणावरही पूर्ण विश्वास न टाकण्याची संवय झालेले डोळे आहेत. हें चित्र तिच्या अनेक चित्रांतलें सर्वांत जिवंत, पण त्याच्या नकला निघून दरबारांत वाटल्या गेल्या नाहींत. उलट १५९६ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें असा हुकूम काढला कीं, राणीला न शोभणारीं चित्रें शोधून काढून नष्ट करावीं. दरबारांत राहून पोट भरणाऱ्या माणसानें अशा वेळीं काय करावें, हा प्रश्न आपण आरामखुर्चींत बसून सोडविणें सोपें आहे. हिलियर्डला मुलें होतीं, कर्ज होतें आणि नेमणूक व्हावयाची होती. त्याला भ्याड म्हणण्याची आमची तयारी नाहीं. परंतु माणसाला क्षमा करणें निराळें व चित्राला गुण देणें निराळें. राणीचीं तीं चित्रें दागिने म्हणून अप्रतिम आहेत. मुखचित्रें म्हणून तीं रिकामीं आहेत. इतक्या जवळ बोलावून शेवटीं तीं आपल्याला मुखवटाच दाखवितात.

छायेमुळेंच ऑलिव्हरला सत्य दिसलें आणि छायेच्या अभावीं हिलियर्डला तें दिसलें नाहीं, असा निष्कर्ष मात्र कोणी काढूं नये. आलिसच्या चेहऱ्यावर छाया नाहीं, तरी ती खरी आहे. छाया असूनही लहान चित्र जिवंत राहूं शकतें, हें पुढच्या पिढींतील सॅम्युएल कूपरनें सिद्ध केलें. त्यानें काढलेलें क्रॉमवेलचें अपुरें चित्र गडद छायाप्रकाशांत आहे. विरळ केंस, जड पापण्या, चेहऱ्यावरील चामखिळी, कांहीं लपविलेलें नाहीं. म्हणजे रेखा कीं छाया हा वाद शेवटीं दुय्यम ठरतो. क्रॉमवेल हाही राज्यकर्ताच होता. पण आपला चेहरा पाहूं देण्यास तो तयार होता, आणि एलिझाबेथ नव्हती. मुखचित्राला दोन माणसें लागतात. एकानें प्रामाणिकपणें पाहावें आणि दुसऱ्यानें निर्भयपणें पाहूं द्यावें. यांतील एक जरी माघार घेईल तरी कुंचला कितीही बारीक असून उपयोग नाहीं.

कूपरच्या हयातींत हें चित्र काढून घेणें सुखवस्तु गृहस्थांच्याही आटोक्यांत आलें होतें. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस यानें १६६८ मध्यें आपल्या पत्नीचें चित्र त्याजकडून काढविलें. चित्राचे ३० पौंड, आणि स्फटिक व सोन्याची डबी यांचे ८ पौंड ३ शिलिंग ४ पेन्स वेगळे. पुढें १७०० च्या सुमारास व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा हिनें वेलम सोडून हस्तिदंत घेतला. त्याच्या पाठीची नैसर्गिक कांति अंगकांतीसाठीं सोयीची, म्हणून हळूहळू सगळेच तिकडे वळले. १८३९ मध्यें छायाचित्रण जगजाहीर झालें, आणि खिशांत बाळगण्याच्या चेहऱ्याचें काम कुंचल्याच्या हातून कायमचें गेलें.

उरलेल्या चित्रांवर काळानें आपला कुंचला फिरविला आहे. गालांचा गुलाबी रंग उजेडानें उडाला, म्हणून हिलियर्डचे चेहरे आज खडूसारखे पांढरे दिसतात. मोत्यांवर चकाकीसाठीं रुप्याचा जो ठिपका तो देई तो काळा पडला आहे. जेथें तेज होतें तेथें आज डाग आहे. परीक्षकानें हें ध्यानांत न घेतां त्याला फिकटपणाचा दोष देणें अयोग्य होईल. दुसरी आपत्ति अलीकडची आहे. पुस्तकांतून व पडद्यांवरून हीं चित्रें मूळच्या दसपट वाढवून दाखविण्याची चाल पडली आहे. त्यानें कुंचल्याचे फटकारे स्पष्ट दिसतात, अभ्यासकाची सोय होते, हें मान्य. परंतु सोनें हालत नाहीं, ज्वाळा पिंवळ्या चिखलासारख्या दिसतात, आणि कानांत हळूच सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर ओरडून सांगितल्यासारखी होते. ज्यांना लंडनला जाणें शक्य नाहीं त्यांनीं निदान छापील चित्र त्याच्या मूळ मापाचें करून हातांत धरावें. किंवा मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत मोगल व राजपूत चित्रांपुढें, कांच परवानगी देईल तितकें, जवळ जाऊन उभें राहावें. डोळ्याला ही संवय एकदां लागली म्हणजे लहानपणाचें कौतुक आपोआप मागें पडतें.

हिलियर्डच्या कामाचा निवाडा आमच्या मतें असा: ज्या चित्रांत त्यानें सोनाराचें कसब दरबाराला वाहिलें तीं चित्रें पेटींत शोभतात, ज्यांत त्यानें तेंच कसब एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाणाऱ्या नजरेच्या सेवेला लावलें तीं हातांत घ्यावींशीं वाटतात. पहिल्या जातीचीं चित्रें संख्येनें थोडीं नाहींत, व त्यांच्यामुळेंच त्याचें नांव झालें. परंतु राणीचे सर्व मोती एका बाजूला ठेवले, तरी दुसऱ्या बाजूला ती बावीस वर्षांची आलिस, आपल्या लहानशा वर्तुळांत, त्यांना पुरून उरते.